‘ट्रिप न होणारी वायरिंग’ सुचवणाऱ्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

‘घर बांधताय? वायरिंग आणि गीझरवर पैसे उधळू नका’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय. घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणात वरचा मजला चढवणारे, उलव्यात सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर घर उभारणारे, बाळकूम-कोलशेतला जुनं बैठं घर पाडून नवं बांधणारे, अशा सगळ्यांकडे तो पोचलाय. घरांची वायरिंग तपासून देणं हे माझं काम. त्यामुळे हा मेसेज रोज कोणीतरी मोबाइल पुढे करून दाखवतं आणि म्हणतं, “दादा, यात लिहिलंय तसंच करूया ना.”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) मोठा टाका म्हणजे सारखा पडत नाही. आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) पावसाळ्यात छळतो, तो घेऊच नका. अर्थिंगचा खड्डा खणण्यापेक्षा सॉकेटची अर्थची पिन न्यूट्रललाच (करंट परत नेणाऱ्या वायरला) जोडा. गॅस गीझर बाथरूममध्ये लावा किंवा इन्स्टंट घ्या, बिल निम्मं होईल. गच्चीवर सोलर बसवलं की वीज गेली तरी घर चालू. आणि पॉइंटचा नकाशा काढत बसू नका, लागतील तसे भिंत फोडून वाढवता येतात.

त्यातली एक गोष्ट मला मान्य आहे. महागड्या मॉड्युलर प्लेटा आणि फॉल्स सीलिंगमधले ढीगभर दिवे यांवर पैसा घालवू नका, असं मेसेज म्हणतो, ते बरोबर आहे. बाकीचं मात्र अंगावर येणारं आहे, आणि ते का, हे एकेक घेऊन सांगतो.

“१६ च्या जागी ३२ चा एमसीबी टाका, कटकट संपते”

एमसीबी बसवलेला असतो तो भिंतीतली वायर जळू नये म्हणून. म्हणून एमसीबीचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो, आपल्याला किती उपकरणं चालवायची आहेत यावरून नाही. दिव्या-पंख्यांच्या दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिमी छेदाच्या) वायरला ६ किंवा १० अँपिअर, पॉवर प्लगच्या अडीचच्या वायरला १६, चारच्या वायरला २० ते २५. घरातल्या तांब्याच्या वायरसाठी साधारण हा हिशेब धरतात.

आता मेसेजचं ऐकून दीडच्या वायरवर ३२ चा एमसीबी लावला असं समजा. पुढे त्याच लाइनवर इस्त्री, इंडक्शन शेगडी आणि टोस्टर लागले आणि २८-३० अँपिअर ओढले जाऊ लागले. एमसीबी पडेल का? नाही पडणार. ३२ च्या एमसीबीने ३२ वाहून नेणं हेच त्याचं काम. ३६ अँपिअरपर्यंत तो तासभर न पडता तग धरतो, आणि मानकानुसार तासाभरात पडलाच पाहिजे अशी मर्यादा आहे साधारण ४६ ची. पाइपात बंद असलेली दीडची वायर सोसते ती पंधरा-सतरा. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. साध्या पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकावं असं बनवलेलं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, मग ठिसूळ होऊन तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत होतं, जिथे नजर पोचत नाही.

कळव्याच्या एका घरात मी गीझरचा बोर्ड उघडला होता. सॉकेट वरून पांढराशुभ्र होता. मागे फेजच्या (करंट आणणाऱ्या वायरच्या) स्क्रूपाशी वायरचं आवरण बोटभर काळं पडून उडालं होतं, तांबं उघडं, सॉकेटचं प्लास्टिक वितळून एका बाजूला ओघळलेलं. डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, पाहिलं तर ३२ चा एमसीबी. घरच्यांना तोवर काहीच जाणवलं नव्हतं, कारण काही पडतच नव्हतं.

एमसीबी वारंवार पडत असेल तर त्या लाइनवर भार जास्त आहे किंवा कुठेतरी दोष आहे. जास्त भाराला उपाय आहे: गीझर, एसी, स्वयंपाकघरातले पॉवर प्लग यांना डीबीपासून वेगवेगळ्या लाइन द्या. २ किलोवॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. दोन्ही एका लाइनवर घातले तर १६ चा एमसीबी पडणारच, आणि पडलाच पाहिजे.

“आरसीसीबी पावसाळ्यात पडतो, एमसीबी असताना तो लागतोच कशाला”

या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माणसं मरतात ती इथे.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाच्या छातीतून ०.१ अँपिअर सेकंदभर गेला तरी हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. १६ च्या एमसीबीला हा ०.१ अँपिअर कळतसुद्धा नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच पाहतो. ०.०३ अँपिअर म्हणजे ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून तो जमिनीकडे निघाला, की डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यायचा. १०० किंवा ३०० चा माणसाला वाचवायला उपयोगाचा नाही. त्याच्या मर्यादाही सांगतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले तर तो ओळखू शकत नाही, आणि जास्त भार त्याला कळत नाही. म्हणून एमसीबीही हवा आणि आरसीसीबीही.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. आरसीसीबी पावसात पडतो हे खरं आहे. ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, खाडीकडची हवा वर्षभर खारट. पण तो पडतो तेव्हा करंट खरोखरच कुठेतरी गळत असतो.

घणसोली गावातल्या एका घरात जुलैत दर रात्री आरसीसीबी पडायचा. वायरमनने सगळे एमसीबी खाली करून बघितलं, तरी आरसीसीबी वर राहीना. म्हणून त्याने निदान केलं की आरसीसीबीच खराब, काढून टाकूया. घरच्या आजी मला म्हणाल्या, “काढून टाक रे बाबा, रात्रीची अंधारात माणसं पडतील.” वायरमनच्या निदानात एक खाच आहे आणि बरेच वायरमन तिथेच अडकतात. साधा एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकला असेल तर सगळे एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडतो. मग न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल जिथे जोडतात त्या पट्टीवरच्या) वायरी एकेक करून सोडवायच्या. पाचवी वायर सोडवली आणि आरसीसीबी वर बसला. ती लाइन गच्चीवर टाकीशेजारच्या दिव्याची होती. त्याचा बॉक्स उघडला तर तळाशी पाणी आणि टर्मिनलवर हिरवा थर. वायर वरून आत घेतलेली, त्यामुळे पावसाचं पाणी वायरच्या अंगाने थेट आत. पाणी न शिरणारा बॉक्स लावला, वायर खालून ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) घेतली आणि काम झालं.

नवं घर बांधताना हे आधीच टाळता येतं. गच्ची, अंगण, गेटचा दिवा, बोअरवेलचा पंप यांना वेगळा आरसीबीओ द्या, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकाच डब्यात. बाहेर पाणी शिरलं तर बाहेरचंच बंद होईल, आत फ्रिज आणि पंखे चालू राहतील. इन्व्हर्टर जोडताना त्याच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नका. विनाकारण पडणाऱ्या आरसीसीबीमागे पुष्कळदा हेच असतं. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघत जा.

“खड्डा कशाला? अर्थची पिन न्यूट्रलला जोडा”

हे करू नका. कुणी करत असेल तर त्याचा हात धरा.

सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडले की गीझरची टाकी, फ्रिजचं अंग, वॉशिंग मशिन हे सगळं न्यूट्रलला बांधलं जातं. एखाद्या जॉइंटमध्ये न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर चालू उपकरणातून आलेला फेज याच वायरने त्या सगळ्या धातूवर येतो. दिवे बंद असतात, घरच्यांना वाटतं वीज गेली, आणि फ्रिजचं हँडल पूर्ण २३० व्होल्टवर असतं. मीटरपाशी काम करताना कुणी फेज-न्यूट्रल उलटे लावले तरी तेच होतं. नळाच्या पाइपाला अर्थ जोडण्याचा सल्लाही काही जण देतात. आता पाइप बहुतेक प्लास्टिकचे, त्यातून वीज जमिनीत जाणार कुठून? आणि जुने लोखंडी असतील तर शॉक शेजारच्याच्या नळाला.

आपल्याकडची जमीनही ध्यानात घ्या. खाडीकाठच्या भरावात, जुन्या खाजणात माती खारट आणि ओली, त्यामुळे अर्थिंगचा रोध (करंटला होणारा अडथळा) सहज कमी मिळतो. पण तीच माती जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप खाऊन टाकते. तिथे वरून आणखी मीठ ओतायची गरज नाही, तांब्याचं अस्तर असलेला रॉड घ्या. येऊरच्या पायथ्याशी उलट परिस्थिती. वर मुरूम, खाली काळा पाषाण. तिथे खोल किंवा एकापेक्षा जास्त रॉड घालावे लागतात. काम झालं की अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून घ्या.

समजा मोजमाप २० ओहम आलं. गीझरचं एलिमेंट फुटून फेज टाकीला लागला, तर अर्थमधून साडेअकरा अँपिअर जातील आणि १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तत्क्षणी पडेल. म्हणून मी दोन्ही मागतो, अर्थिंग आणि आरसीसीबी. एकाच्या बदल्यात दुसरं चालत नाही.

“इन्स्टंट गीझर लावा, बिल निम्मं”

पाणी तापायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ०.३५ युनिट. ३ किलोवॅटचा इन्स्टंट ते सात मिनिटांत करतो, २ किलोवॅटचा टाकीवाला साडेदहा मिनिटांत. युनिट तेवढेच. फरक पडतो तो टाकीवाला दिवसभर चालू ठेवला तर, कारण टाकीतली उष्णता बाहेर झिरपत राहते. अंघोळीच्या आधी लावून नंतर बंद केला तर हा तोटा किरकोळ राहतो.

उलट शॉवर घ्यायचा असेल तर ३ किलोवॅटचा इन्स्टंट कमी पडतो. १५ अंश वाढ हवी असेल तर तो मिनिटाला तीन लिटरपेक्षाही कमी पाणी देतो. शॉवरला सहा-आठ लागतात. बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात इन्स्टंट छान.

“गॅस गीझर बाथरूममध्येच बसवा”

दार-खिडकी लावलेल्या छोट्या बाथरूममध्ये गॅस जळताना हवा संपत जाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या किंवा पाइप गॅसच्या गळतीला वास मुद्दाम मिसळलेला असतो. याला वासच नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला गरगरतं, कडी काढायचं भानही राहत नाही. वर एक्झॉस्ट फॅन असेल तर तो धुराड्यातला धूर उलटा आत ओढू शकतो. घ्यायचाच असेल तर मोकळ्या बाल्कनीत, धूर बाहेर जाईल असा बसवा आणि तिथून गरम पाण्याचा पाइप आत आणा. ती जागा आणि तो पाइप नकाशातच धरा.

“सोलर लावलं की वीज गेली तरी घर चालू”

साधी ग्रिडला (वीज कंपनीच्या लाइनला) जोडलेली यंत्रणा असेल तर वीज गेल्याबरोबर तिचा इन्व्हर्टरही बंद पडतो, भर दुपारी सुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर तुमच्या छपरावरची वीज जाऊ नये म्हणून ते तसंच बनवलेलं आहे. वीज गेल्यावरही पुरवठा हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. योजना चांगली आहे, जरूर घ्या. फक्त मेसेजमधली अपेक्षा ठेवून घेऊ नका.

पाणी तापवणारं सोलर वेगळं. त्यात लोक अंतर विसरतात. गच्चीपासून तळमजल्याच्या नळापर्यंत २० मिमी आतल्या व्यासाचा पाइप पंधरा मीटर गेला, तर गरम पाणी यायच्या आधी जवळपास पावणेपाच लिटर गार पाणी वाहून जातं. बाथरूम एकावर एक घ्या, पाइप एकाच शाफ्टमधून उतरवा आणि त्याला इन्सुलेशन करा.

“पॉइंट नंतर भिंत फोडून वाढवता येतात”

विटांच्या भिंतीत एखादी उभी झिरी मारता येते. पण पॉइंट हवा असतो तिथे नेमका कॉलम निघतो, आणि मग झिरी मारायचं मशिन कॉलमवर चालतं. कॉलमच्या सळईवर साधारण ४० मिमी काँक्रीटचं आवरण असतं. खाडीच्या हवेत तेवढंच तिचं गंजण्यापासून रक्षण करतं. २५ मिमीचा पाइप दडवायला ते कापलं की सळईला गंज चढायला सुरुवात.

त्यामुळे पलंग, ओटा, फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशिन कुठे येणार हे स्लॅबच्या आधी जमिनीवर खडूने आखून घ्या. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं त्या भागात बांधत असाल, तर मीटर आणि डीबी त्या पातळीच्या वर घ्या. तळमजल्याचे सॉकेट वरच्या मजल्यांपासून वेगळ्या लाइनवर ठेवा, म्हणजे खालचं तोडून वर दिवे चालू ठेवता येतील. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा.

आज लागत नसले तरी दोन रिकामे पाइप टाकाच: एक गच्चीपासून डीबीपर्यंत सोलरसाठी, दुसरा मीटरपासून पार्किंगपर्यंत गाडीच्या चार्जरसाठी. ७.४ किलोवॅटचा चार्जर तासन्‌तास ३२ अँपिअर ओढतो, त्यामुळे त्याचा पाइप ३२ मिमीचा घ्या आणि वळणं कमी ठेवा. दोन्हींत ओढायची तार आत्ताच घालून ठेवा आणि स्लॅब भरायच्या आधी तोंडांना बूच लावा, नाहीतर सिमेंटचं पाणी आत उतरून पाइप गच्च होतो.