सेट कितीले पडन?

आज आईचा गुडघा दाखवायला रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. आमच्या आधी पारशिवनीकडचे एक बाबा, सोबत सात-आठ वर्षांची नात. मनगटाचं प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, "बाबा, हाड मस्त सेट झालं." बाबांचा चांगला हात खिशाकडे गेला. हळूच विचारलं, "सेट कितीले पडन जी?"

काउंटरवरची पोरगी फिस्सकन हसली. हसली ते हसली, कंपाउंडरला बोलावून परत सांगितलं.

माझं डोकंच सटकलं. काय चुकलं हो त्या माणसाचं? सोफासेट, टीव्ही सेट, सराफाकडचा सेट. त्यांनी आजवर पाहिलेला प्रत्येक सेट पैसे मोजूनच घरात आलेला. आता हाडाचाही घ्यावा लागतो की काय, म्हणून जीव धसकला त्यांचा.

मला झोंबलं त्याला कारण आहे. 1995. नरखेडहून अकरावीला नागपुरात आलेलो. इंग्रजीच्या तासाला वाक्य आलं, 'द सन हॅड सेट'. सेट म्हणजे संच, हे गणितात घोकलेलं. हॅड म्हणजे जवळ होता. मी उभा राहून ठणकावून अर्थ सांगितला: "सूर्याजवळ संच होता." सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. पुढची दोन वर्षं माझं नाव 'संच'. एका मित्राच्या फोनमध्ये आजही तेच आहे.

पुष्कळ वर्षांनी कळलं, ऑक्सफर्डच्या 1989 च्या मोठ्या कोशात या एका सेटचे 430 अर्थ दिलेत. चारशे तीस! आणि सूर्य मावळतो तो सेट जुन्या इंग्रजीतला, बसण्या-बसवण्याच्या घरचा. संचवाला सेट लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. म्हणजे मुळात दोन वेगळे शब्द, एकच सदरा घालून फिरणारे. सर, हे तेव्हा सांगितलं असतं तर? पण नाही, हसणं सोपं.

इंग्रजीच्या एका शब्दाला एवढे अर्थ असले की ती भाषेची श्रीमंती. आणि आमचं लागणं? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, कारलं कडू लागतं, वर तो माणूस माझा मामाही लागतो. एखादा गोरा पाहुणा "मला चहा लागला" म्हणाला तर आपण टाळ्या वाजवू, व्हिडिओ काढू. बाबांना मात्र फिस्सकन!

हो, इंग्रजी यायला पाहिजे, माहीत आहे. माझी पोरगीही इंग्रजी माध्यमातच आहे, फी मीच भरतो. बास.

आणि आपण तरी सेटचं काय कमी केलंय? सेटिंग लावणं हा अर्थ ऑक्सफर्डवाल्यांना सुचला असता का? माझ्या ओळखीची पोरं प्राध्यापकीची सेट परीक्षा पास होऊन पाच-पाच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत, अजून सेट नाहीत. समजावा हे वाक्य त्या आमच्या सरांना.

असो. लिहितालिहिता राग जरा उतरला. ती पोरगी विशीची असेल. कामठी-कळमेश्वरकडून रोज अपडाऊन करत असेल, तिलाही कधीतरी कोणी असंच हसलं असेल. आणि खोटं कशाला बोलू, बाबांनी विचारलं तेव्हा क्षणभर मलाही हसू आलं होतं. मला, संचला!

बाहेर पडलो तर बाबा आणि नात फाटकाशी ऑटोवाल्याशी घासाघीस करत होते. आई म्हणाली, बसव त्यांना गाडीत. गणेशपेठ स्टँडवर सोडलं.

उतरताना बाबांनी विचारलं, "पारशिवनीची गाडी कोठी लागते जी?"

मी बोट दाखवलं. ते नातीचा हात धरून झपझप निघाले.

"अजी, जरा सावकाश!" आई मागून ओरडली.

"नाही माय, खिडकीची जागा धरा लागन. हिले गाडी लागते."