डबल बेल

रविवारी साताऱ्याला मेहुण्याच्या मुलाचं बारसं झालं. मी १४० फोटो काढले. बाळ एकातही धड दिसत नाही. म्हणजे आहे तिथे, पण सगळं इतकं काळं की सासूबाई म्हणाल्या, लाइट गेले होते का हो तेव्हा?

तर माझा कॅमेरा म्हणजे खिशात मावणारी डबी. तिचा फ्लॅश लेन्सपासून बोटभर लांब, त्यामुळे उजेड समोरून भस्सकन येतो, डोळे लाल, आणि तोंडं सगळी आधार कार्डावरची. उजेड कडेने आला तर माणसाला नाक येतं, हे माझं ठाम मत. पण माझ्या डबीला वरचा फ्लॅश लावायला खाचच नाही, म्हणून १२०० रुपयांत सेकंडहँड स्लेव्ह फ्लॅश घेतला. डबीचा फ्लॅश उडाला की तो बघून हाही उडतो, वायर वगैरे काही नको. फक्त कोणीतरी तो कडेला धरून उभं राहिलं पाहिजे.

ते कोणीतरी म्हणजे नाना. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, एसटीत जन्म गेला कंडक्टरकीत. फ्लॅश त्यांनी तिकिटाच्या पेटीसारखा काखेत मारला. म्हटलं, नाना, त्याला डबी दिसली पाहिजे, पुढचा सेन्सर झाकू नका. "बरं," म्हणाले, आणि फ्लॅश तोंडासमोर धरून सेन्सर कुठाय ते बघायला लागले, नेमका तेव्हाच तो उडाला. मग पाच मिनिटं डोळे चोळत, "मला समदं हिरवं दिसतंय, पेढं कुठं हाईत?"

आत्याबाईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी त्यांच्या पाठीत दणादण धपाटे घातले, मी बटण दाबलं. काळं. परत. काळं. नाना शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुमची डबी दोनदा डोळा मारतीय."

"नाना, प्लीज, तुम्ही फक्त धरा."

"आवो, एक घंटी म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. तुमची डबी डबल बेल देतीय आन् हे येडं पहिल्याच घंटीला गाडी सोडतंय. फोटू ऱ्हातोय ष्टँडवरच."

मी हसलो. हसलो वर त्यांना लेक्चर पण दिलं, की मोठ्या कॅमेऱ्यांचं शटर फ्लॅशबरोबर सेकंदाच्या २०० व्या नाहीतर २५० व्या भागात उघडमीट करतं, त्याहून जोरात साधारण जमत नाही, आणि डबीचं शटर लेन्सच्या आत असल्यामुळे ती त्याहूनही जोरात जाते. "मंग जाऊ द्या की," नाना म्हणाले. "पण फोटू?"

रात्री अकराला फ्लॅशच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. डबी खऱ्या फ्लॅशच्या आधी उजेड मोजायला एक छोटा फ्लॅश मारते. माझा शहाणा त्यालाच उडायचा आणि खऱ्या वेळी परत चार्ज होत बसायचा. त्यात डबीला वाटायचं वा, काय उजेड आहे, आणि ती स्वतःचाही फ्लॅश कमी करायची. यावर उपाय म्हणजे माझ्या फ्लॅशचं बटण एस १ च्या जागी एस २ वर, म्हणजे पहिला सोडून दुसऱ्याला उडणारा. शब्दशः डबल बेल. एवढं मोठं खटलं, ते ऑटोच्या नावाखाली कशाला लपवतात कुणास ठाऊक. आपल्या पैशांचं यंत्र, पण आपल्याला न विचारता डोळे मारतंय.

हेही चाललं असतं. पण घरच्यांनी एक फोटोग्राफरही बोलावला होता (मी असताना!). त्याचा फ्लॅश मॅन्युअलवर, म्हणजे एकच घंटी, त्यामुळे माझा फ्लॅश माझ्या डबीशी फटकून आणि त्याच्याशी मात्र इमानदार, त्याच्या प्रत्येक फोटोला कडेने झकास उजेड. ते त्याच्या लक्षात आलं आणि तो सरळ ओरडायला लागला, "नाना, थोडं डावीकडं! वर धरा! हां!" आणि नाना सरकले. मी सांगितल्यावर एकदाही सरकले नव्हते. माझे चार सेल त्याच्या कामावर संपले.

काल त्याचे नमुने व्हॉट्सअ‍ॅपवर आले. बाळाला नाक आहे, छान आहे. सासूबाईंनी लगेच स्टेटसला ठेवलं, आणि दुपारी नानांचा फोन, त्या फोटोग्राफर पोराकडे पुढच्या रविवारी कुणाचंतरी जावळ आहे, त्याने नानांना बोलावलंय. "त्ये फ्लॅशचं येडं तेवढं पाठवा, जावईबापू. सेल नवे घाला."