टेक्निकल रायटरला मीटिंगला बसू द्या

अडत दुकानांत चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरचं मॅन्युअल मी लिहिते. हळदीचा सौदा झाला की हमाली, तोलाई, आगाऊ घेतलेली उचल वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, निघते, ते काम. मी सांगलीत घरून, डेव्हलपर पुण्यात.

पहिली दोन वर्षं माझ्यापर्यंत फक्त टिकेट, म्हणजे कामाची छोटी नोंद, यायचं. एकदा आलं, "राउंडिंग बदललं." मीही मॅन्युअलमध्ये तेवढीच एक ओळ टाकली. आठवडाभरात मार्केट यार्डातून एका दिवाणजींचा फोन. "ताई, पट्टीत रुपयाचा फरक येतोय. शेतकरी समोर उभा आहे, त्याला काय सांगू?"

मला सांगता येईना. डेव्हलपरला विचारलं तेव्हा कळलं. आधी हमाली 212.60 चे 213 आणि तोलाई 87.60 चे 88 धरून 301 कापले जायचे. आता आधी बेरीज, 300.20, आणि मग 300. म्हणजे रुपया शेतकऱ्याच्याच बाजूने! यावर त्यांची अर्धा तास चर्चा झाली होती. कारण, उदाहरण, कोण काय विचारेल, सगळं त्या मीटिंगमध्ये बोलून झालं होतं. टिकेटवर उतरले दोन शब्द.

तेव्हापासून मी हट्टाने मीटिंगला बसते. रोजची 15 मिनिटांची, पुढच्या कामाचं नियोजन आणि डेमो, या तीन. डेटाबेसच्या अंतर्गत चर्चांना नाही बसत, तिथे माझा वेळ जातो आणि त्यांचाही.

डेमोत सगळ्यात जास्त हाती लागतं. मागे पट्टी रद्द करायचं बटण दाखवत होते. मी विचारलं, "पट्टी रद्द केली तर वजा झालेली उचल परत खात्यावर चढते का?" सगळे गप्प. चढत नव्हती. हा प्रश्न सुचायला कोड यावा लागत नाही. पट्टी हातात घेणारा माणूस डोळ्यासमोर लागतो, आणि मॅन्युअल लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर तो दिवसभर असतो.

सॉफ्टवेअर कसं बनवावं याची तत्त्वं सांगणाऱ्या 2001 च्या अजाइल जाहीरनाम्याचा दाखला देऊन "डॉक्युमेंटेशन नंतर बघू" म्हणणारे मला बरेच भेटतात. सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोलाचं, असं त्यात आहे खरं. पण कागदपत्रांसारख्या, त्यात उजव्या बाजूला ठेवलेल्या गोष्टींनाही मोल आहे, हेही तिथेच लिहिलंय. ते वाक्य कुणी वाचून दाखवत नाही.

उचलीची दुरुस्ती नव्या हळदीची आवक सुरू व्हायच्या आत गेली. मॅन्युअलमध्ये त्यावर अर्धं पान आहे, आणि ते लिहिताना मला कुणाला फोन करावा लागला नाही.