दोन्हीवर ६४, पण एक पुसलेलं

प्रूफ नाणं, म्हणजे टांकसाळ संग्राहकांसाठी खास पाडते ते आरशासारखं नाणं, पुसू नका. किती वेळा सांगायचं? मऊ कापडाने नाही, चष्म्याच्या फडक्याने नाही, शर्टाच्या टोकाने तर नाहीच नाही. ज्याला हे कळत नाही त्याने प्रूफ नाण्यांच्या धंद्यात पडू नये, आणि कळत असूनही जो पुसतो त्याच्या टेबलाजवळसुद्धा कोणी उभं राहू नये.

गेल्या आठवड्यात १९६९ च्या गांधी शताब्दीची दहा रुपयांची दोन नाणी शेजारी शेजारी ठेवून बघितली. ऐंशी टक्के चांदी, १५ ग्रॅम वजन, मुंबईच्या टांकसाळीची, प्रूफची खूण म्हणून 'बी' अक्षर असलेली. दोन्ही स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत बंद, दोन्हींच्या लेबलवर पीएफ ६४, म्हणजे प्रूफ, सत्तरपैकी चौसष्ट, आणि विकणाऱ्याने भावही एकच लावलेला. पहिल्या नाण्यावर गांधीजींच्या चेहऱ्यावरची पांढरट झाक जरा फिकी होती आणि कडेजवळ दोन दुधाळ ठिपके होते, पण समोरची मोकळी जागा स्वच्छ, अगदी आरशासारखी. दुसऱ्याची झाक सुंदर. सरळ धरलं तर पहिल्यापेक्षा उजवंच वाटावं. दिव्याखाली तिरकं केलं आणि माझं डोकं फिरलं. चेहऱ्यासमोरच्या सगळ्या मोकळ्या जागेत केसाएवढ्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने, कपाळापासून कडेपर्यंत. कोणीतरी अंगठ्याखाली फडकं धरून एकदाच ओढलंय. पन्नासहून जास्त वर्षं नीट टिकलेला पृष्ठभाग त्या एका हिसक्यात गेला, आणि तो आता जगातला कोणीही परत आणू शकत नाही.

आणि दोन्ही ६४!

एकाचे मार्क चांदीवर आपसूक उठलेल्या ठिपक्यांनी आणि साच्याच्या झिजेने कापले, दुसऱ्याचे माणसाच्या हाताने. आकडा मात्र तोच. प्रूफ नाणं कसं पाडतात ते एकदा नीट समजून घेतलं की हा फरक केवढा मोठा आहे ते कळतं. साचा पॉलिश करतात, चकतीही पॉलिश करतात, मग जास्त दाबाने एकापेक्षा जास्त वेळा ठसा मारतात. त्यातून ती आरशासारखी जमीन, म्हणजे चित्राभोवतीची मोकळी जागा, आणि तिच्यावर उठून दिसणारं चित्र तयार होतं. साचा नवा असताना पडलेल्या नाण्यांवर झाक दाट असते, पुढे पुढे ती कमी होत जाते. तो टांकसाळीतला भाग झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चलनातल्या नाण्यावर जी रेघ कोणाला दिसणारही नाही, ती या आरशावर ठळक दिसते. म्हणूनच तर याला हात लावायचा नसतो.

मूळ ७० अंकांची मोजपट्टी डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली. आज आपण तीच भारतीय प्रूफवर लावतो. न बिघडलेल्या प्रूफच्या वाट्याला त्यातल्या ६० ते ७० या अकराच पायऱ्या येतात. अकरा पायऱ्यांत सगळं कोंबायचं: रेघा, डाग, ठिपके, झाक, ठसा. कॅमिओचा शेरा वेगळा लिहितात, ग्रेडिंग कंपन्यांपैकी एनजीसी 'अल्ट्रा कॅमिओ' म्हणते, पीसीजीएस 'डीप कॅमिओ', पण तो शेरा फक्त चित्र आणि जमीन यांच्यातला उठाव सांगतो. नाणं पुसलंय का, हे त्यावरून कळत नाही. ६४ कशामुळे मिळाले, हे लेबलवर लिहायला काय हरकत आहे? दोन शब्द पुरतील. 'रेघा' किंवा 'ठिपके'. तेवढी जागा तिथे नक्की आहे.

विक्रेत्याला रेघा दाखवल्या की ठरलेलं उत्तर येतं, "अहो, ते प्लास्टिकवरचे ओरखडे आहेत." खोटं! स्लॅब हलकेच तिरका करा. प्लास्टिकवरचा ओरखडा नाण्यावरून सरकताना दिसतो, नाण्यावरची रेघ चित्राला धरून जागच्या जागी राहते. भिंग घेतलं तर दोन्ही वेगवेगळ्या अंतरावर स्पष्ट होतात. दोन सेकंदांचं काम आहे. वर्षानुवर्षं नाणी विकणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर मी विश्वास ठेवायचा?

पुसण्याचं एकच सांगितलं, बाकीचं ऐका. दोन इंची पुठ्ठ्याच्या होल्डरमधून नाणं काढताना स्टेपलची पिन आधी काढायची असते. आपल्याकडे पुठ्ठा दोन्ही हातांनी ओढून उघडतात आणि पिनेचं टोक थेट आरशावरून जातं. तो ओरखडा नसतो, ती खोक असते. दुसरं म्हणजे मऊ पीव्हीसीची पाकिटं. वर्षभराने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, आणि मग तो काढायला पुन्हा तेच फडकं! तिसरं, प्रदर्शनात नाण्यावर तोंड आणून गप्पा मारणारी माणसं. थुंकीचा जो बारीक तुषार पडतो, त्याचा पुढे काळा ठिपका होतो. हे सांगायला गेलं की आपण शिष्ट ठरतो. आणि घरातले दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायचं म्हणून चांदीच्या पावडरीने घासून ठेवतात, ते वेगळंच. त्यांच्यावर मी रागावत नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. धंदेवाल्यांना माहीत असतं.

माझं स्वतःचं एक नाणं, १९७४ चं पन्नास रुपयांचं, 'नियोजित परिवार, सबके लिए अन्न' वालं, ग्रेडिंगला पाठवलं होतं. पाठवणारा मध्यस्थ ओळखीतला. मी ते मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात, कडेला धरून, स्वतः ठेवून दिलं आणि वर चिठ्ठी लावली की पाकीट बदलू नका. परत आलं तेव्हा धान्याच्या चित्राशेजारी अंगठ्याचा अर्धा ठसा, स्लॅबच्या आत, कायमचा बंद. मध्यस्थ म्हणाला, तिकडे झालं असेल. तिकडचे म्हणाले, आलं तेव्हाच होतं. कोणीही जबाबदारी घेतली नाही. बोटाच्या घामाने चांदी डागाळते आणि ठसा दिवसेंदिवस गडद होतो, त्यामुळे दर वेळी ड्रॉवर उघडला की तो जास्तच दिसतो. माझ्या हातात असताना ते नाणं निर्मळ होतं, हे मी ओरडून सांगितलं तरी आता ऐकणार कोण? लेबल बोलतंय ना!

आणि घेणारे आपण तरी काय करतो? नाणी विकणाऱ्या-घेणाऱ्यांच्या गटावर फोटो येतो. नाणं दिसो न दिसो, लेबल मात्र अक्षर न अक्षर वाचता येईल असं. समोरून झगझगीत प्रकाश टाकून काढलेल्या फोटोत रेघ दिसूच शकत नाही, आणि तसाच फोटो मुद्दाम काढतात. खाली दहा जण लगेच "बुक", "बुक" लिहून मोकळे. नाणं कोणी मागून बघत नाही. ब्रिटिशकालीन नाण्यांचे जे प्रूफ रीस्ट्राइक, म्हणजे नंतर पुन्हा पाडलेले नमुने, मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींनी पाडून दिले होते, त्यांची अवस्था तर बघवत नाही. इतक्या हातांतून फिरलेत की स्वच्छ आरसा शोधावा लागतो, आणि तरी ६२, ६३ चा स्लॅब चढला की त्याला दुर्मीळ म्हणून मिरवतात.

माझं आता एवढंच ठरलेलं आहे. दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवायचा. एकच दिवा, बाजूने, आणि स्लॅब हळूहळू दोन्ही बाजूंना तिरका करून दाखवायचा. फिल्टर नको, संगीत नको. "वेळ नाही, लेबल बघा ना" असं म्हणणार असाल तर नाणं तुमच्याकडेच ठेवा, आणि पुढच्या गिऱ्हाईकाला निदान खरं सांगा की ते पुसलेलं आहे.