बंध तोडला की ऊर्जा? उलटं आहे, काका

सकाळपासून तीन ग्रुपवर तोच फॉरवर्ड, शेवटचा तर आमच्या इंदूरच्या काकांनीच टाकला. म्हणे एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, निसर्गाला पसाराच हवा, बंध तोडला की आतली ऊर्जा बाहेर पडते, पाण्याचा रेणूपण त्यामुळेच वाकडा, तेव्हा बंधनं तोडा, मोकळे व्हा. व्हा हो मोकळे, पण केमिस्ट्रीला मधे कशाला ओढता! मी भंवरकुआंला, इंदूरच्या क्लासेसच्या भागात, अकरावीच्या पोरांना हेच शिकवते आणि टेस्टमध्ये नेमकं हेच चुकतं.

आधी बंधाचं, म्हणजे अणूंना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या दुव्याचं बघू. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, कायम. मग गॅस पेटल्यावर कढई तापते ती कशाने, तर नवे, जास्त घट्ट बंध जुळतात त्याने. हिशोबच करा ना, हायड्रोजन जाळून एक मोल (रेणू मोजायचं केमिस्ट्रीतलं माप, पाण्याचे साधारण 18 ग्रॅम) पाण्याची वाफ करायची तर हायड्रोजनचा बंध तोडायला 436 किलोज्यूल, अर्ध्या मोल ऑक्सिजनला 249, झाला 685 खर्च, मग ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन ओ-एच बंध जुळले, प्रत्येकी साधारण 463, म्हणजे 926 जमा. हातात उरले 241. तोडूनच ऊर्जा मिळाली असती तर लायटर कशाला लागला असता? बायोलॉजीवाले म्हणतील पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी रेणूचा बंध तुटतो तेव्हा मिळतेच की, पण तिथेही पाण्याशी नवे बंध जुळतात, ते कोणी बोलत नाही.

आता पसारा. अरे भिया, मोजे कपाटात असोत की पलंगाखाली, टेम्परेचर तेच तर त्यांची एन्ट्रॉपी जवळपास तेवढीच! एन्ट्रॉपीचं सूत्र देणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनने मोजलं ते वेगळंच, रेणू आणि त्यांची ऊर्जा किती प्रकारे मांडता येते ते, व्हिएन्नात त्याच्या कबरीवर ते सूत्रच कोरलंय. गरम पोहे गार होतात कारण प्लेटमधली ऊर्जा अख्ख्या खोलीत वाटली जायचे प्रकार अफाट आहेत, सगळी परत पोह्यांत गोळा व्हायचे नगण्य. आणि निसर्गाला पसाराच हवा तर फ्रीजरमध्ये बर्फ कसा जमतो? पाण्याची एन्ट्रॉपी कमीच होते तिथे, पण फ्रीजच्या मागे हात धरून बघा किती गरम लागतं, बाहेरची त्याहून जास्त वाढलेली असते.

राहिला वाकडा रेणू. ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनच्या दोन मोकळ्या (बंधात न गुंतलेल्या) जोड्या जागा अडवून बसतात म्हणून कोन 104.5 अंश. कार्बन डायऑक्साइडमध्येही तीनच अणू, पण कार्बनवर अशी जोडी नाही, तो सरळसोट. पाणीपण तसंच सरळ असतं ना काका, तर ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनवरची दोन्हीकडची ओढ एकमेकींना कापून गेली असती, मिठाला ओढून विरघळवणारी रेणूची धन-ऋण टोकं उरली नसती आणि तुमच्या वरणातलं मीठ तळाशी तसंच पडून राहिलं असतं.