पावत्या विकू नका, आणि तीस टक्केवाल्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका

दुपारी मावशीचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी तिच्या आवाजात हुरूप होता, म्हणून आधी बरं वाटलं. मग कारण कळलं आणि डोकं सणकलं. ओळखीतलाच एक जण घरी येऊन चहा पिऊन गेला होता. म्हणाला, "बुडालेल्या पतसंस्थेच्या पावत्या द्या, तीस टक्के रोख देतो, उद्याच्या उद्या." मावशीची ठेव चार लाखांची. तिच्या हातात येणार एक लाख वीस हजार. मला विचारते, "सगळंच जाण्यापेक्षा बरं ना रे? देऊन टाकू का?"

लांबलचक लिहिणार आहे. पण ज्यांच्या घरात अशा पावत्या आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

हे चार लाख कुठून आले ते सांगतो. काका एसटीत वाहक होते. निवृत्तीला जे हातात पडलं त्यातलं घर दुरुस्त करून उरलेलं मावशीने पतसंस्थेत ठेवलं. त्यात ब्लाउज शिवून, पिको-फॉल करून साठवलेली पिग्मी. पिग्मीवाला रोज संध्याकाळी दारात यायचा, त्याच्या हातावर पन्नास-शंभर ठेवल्याशिवाय ती मशीन झाकायची नाही. वर्षअखेरीला ती रक्कम ठेवीत जायची. मी त्या पावत्या पाहिल्यात. मागच्या बाजूला नूतनीकरणाच्या नोंदी, निळ्या शाईत, प्रत्येकीखाली व्यवस्थापकाची सही आणि जांभळा शिक्का. शेवटची नोंद शटर पडायच्या आदल्या महिन्यातली आहे. आदल्या महिन्यातली! संस्थेत काय शिल्लक आहे हे आत बसलेल्यांना तेव्हा माहीत नव्हतं, हे मला कुणी पटवून द्यावं.

आता तो तीस टक्केवाला तुमच्यावर उपकार करायला येतो असं कुणाला वाटत असेल तर नीट समजून घ्या. समजा एका बड्या कर्जदाराकडे संस्थेचे चाळीस लाख थकलेत. तो माणसं पाठवून अशाच चाळीस लाखांच्या पावत्या बारा लाखांत गोळा करतो. मग आतल्यांना हाताशी धरून त्या पूर्ण किमतीला आपल्या कर्जात वर्ग करून घेतो. कर्ज निरंक, गहाण जमीन मोकळी, अठ्ठावीस लाख खिशात. संस्थेच्या तिजोरीत मात्र एक रुपया येत नाही. आणि थकीत कर्जाची वसुली हाच तर उरलेल्या ठेवीदारांना पैसे मिळायचा मुख्य मार्ग असतो. म्हणजे मावशीने पावती विकली की ती तर लुटली जातेच, शिवाय तिच्या शेजारणीच्या पैशाची वाटही बंद होते.

हे माझ्या मनचं नाही. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्था आठवा. मल्टिस्टेट होती, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी आणि केंद्राच्या सहकार कायद्याखालची. २०१५ मध्ये तिच्यावर अवसायक, म्हणजे बुडालेल्या संस्थेची वसुली करून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला, लोकांना वाटलं आता मार्गी लागेल. २०२० मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे टाकले, आणि आरोप नेमके हेच होते: ठेवीदारांकडून पावत्या कवडीमोलाने घेऊन कर्जात जिरवल्या, मालमत्ता मातीमोलाने विकल्या. गुन्हा थेट अवसायकावर! ज्याला पैसे परत करायला बसवलं त्याच्याच काळातल्या व्यवहारांवर. एवढं होऊनही आज तोच धंदा माझ्या मावशीच्या ओसरीवर चहा पिऊन जातो.

आणि कृपा करून "व्याजाच्या हावेपायी गेले" हे मला ऐकवू नका. हो, बँकेपेक्षा व्याज जास्त होतं, तेवढं मान्य. पण बँक तालुक्याला, आणि तिथे मावशीला स्लिप भरायला कुणी मदत करत नाही. पतसंस्थेचा पोरगा रोज दारात येऊन "काकू" म्हणत होता. पाटीवर सरकारी नोंदणी क्रमांक, दरवर्षी लेखापरीक्षण, चेअरमन गावच्या प्रत्येक सत्काराला व्यासपीठावर. यात तिने अविश्वास कशावर ठेवायचा होता? बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळतात, २०२० पासून ती मर्यादा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले की नव्वद दिवसांत द्यावे लागतात. पतसंस्थेच्या ठेवीदाराला हा विमा लागू नाही. हे त्या पाटीवर ठळक अक्षरात लिहायला लावलं असतं तर निम्मी गावं वाचली असती.

कायदा नाही असंही नाही. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, आपल्याकडे १९९९ पासून आहे. गुन्हा दाखल, मालमत्ता जप्त, सक्षम प्राधिकारी, विशेष न्यायालय, मग लिलाव, मग वाटप. सहकार कायद्यात कलम ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करता येते, कलम १०१ खाली कर्जदारांवर वसुलीचे दाखले निघतात. सगळं आहे. पण प्रत्येक पायरीला स्थगिती, प्रत्येक टेबलावर "साहेब दौऱ्यावर". मल्टिस्टेट असेल तर तालुक्याचं ऑफिस हात झटकतं आणि दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे बोट दाखवतं. बीडची ज्ञानराधा ही मल्टिस्टेट पतसंस्था २०२३ मध्ये बंद पडली, त्या ठेवीदारांना विचारा. हा उशीरच तीस टक्केवाल्याचं भांडवल आहे. लिलाव वेळेत झाले तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही.

मागणी साधी आहे. दुसऱ्याच्या नावाची पावती कुठल्याही कर्जदाराच्या खात्यात वर्ग होता कामा नये, आणि आजवर झालेलं सगळं उघडून तपासा. वसूल होईल त्यातून लहान ठेवीदार आधी. हे जमतं. सहारा समूहाच्या सहकारी सोसायट्यांत अडकलेल्या ठेवीदारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ५,००० कोटी मोकळे केले, तेव्हा सुरुवातीला दहा हजारांपर्यंतच्या रकमा दिल्या गेल्या. दहा हजार फार नाहीत, पण निदान छोट्या माणसाचा हात आधी धरला.

ज्यांनी आधीच पावत्या विकल्या, त्यांना मी एक शब्द बोलणार नाही. घरात आजारपण असतं, पोरीचं लग्न असतं. मावशीलाही नातीची नर्सिंगची फी भरायची आहे, या महिन्यात भरायची आहे. "तू थांब म्हणतोस, कॉलेज थांबेल का?" असं ती म्हणाली तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. आम्ही भावंडं मिळून फीचं बघतोय, ते होईल. पण ज्या घरात बघणारं कुणी नाही तिथे पावती विकली जाणारच, आणि त्याचा दोष त्या बाईचा नाही. ज्यांनी जप्त जमिनी वर्षानुवर्षं नुसत्या पडू दिल्या त्यांचा आहे.

आमच्या तालुक्यातल्यांसाठी: मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका. कोऱ्या अर्जावर, स्टॅम्पपेपरवर सही करू नका. "केवायसी करून देतो" म्हणणाऱ्यालाही नाही. ठेवीदारांच्या यादीत आपलं नाव आणि रक्कम बरोबर आहे का ते अवसायकाच्या कार्यालयात जाऊन बघा, चुकलं असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या. पोलिसांकडे जबाब नोंदवला नसेल तर नोंदवा. पावत्या मागायला कोण आलं, किती टक्के म्हणाला, हे तारखेसकट लिहून ठेवा. मावशीकडे आलेल्याचं आम्ही लिहून काढलंय आणि ते अर्जासोबत जोडणार आहोत.

सोमवारी अकरा वाजता ठेवीदार समिती उपनिबंधक कार्यालयात निवेदन देणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी मला इनबॉक्स करा, म्हाताऱ्या माणसांसाठी गाडीची सोय करतो. येताना झेरॉक्स आणा, मूळ पावती घरीच ठेवा.