काकांच्या अंगातला करंट

मंडळाची धावत्या दिव्यांची माळ मी दुरुस्त केली, असं सध्या एकटा मीच म्हणतो. शाल आणि श्रीफळ काकांना मिळालं.

झालं इतकंच, की माळेतली जुनी चिप, ७४एलएस००, जळली. इंदूरच्या जेल रोडवर गेलो, तर दुकानदाराने ७४एचसी०० पुढ्यात टाकलं. "एलएस पाहिजे," म्हटलं, तर म्हणतो, "लगा लो भिया, दोनों के चौदह-चौदह पैर हैं." पाय मोजून चिप घेणारा मी पहिलाच नसेन. घरी माळ धावली. मांडवात, आरतीला अर्धा तास उरला असताना, ठप्प.

मी डोकं खाजवत बसलो होतो तेवढ्यात काका आले. हातात पोह्यांची प्लेट, बोटांवर शेव आणि जीरावन. "बघू रे," म्हणत त्यांनी तर्जनी थेट बोर्डावर टेकवली. "काका, नका!" पण माळ पळायला लागली. आणि कशी, सुसाट! बोट काढलं, थांबली. टेकवलं, पळाली.

"माझ्या अंगात करंट आहे," काका म्हणाले. "तुझी काकू चाळीस वर्षं तेच म्हणते."

"काका, तो पन्नास हर्ट्झचा..."

"तू गप. तुला जमलं नाही ना?"

नाही जमलं. कारण मूळ सर्किट करणाऱ्या महाभागाने चिपमधल्या नॅन्ड गेटचा, म्हणजे येणारे 'एक' आणि 'शून्य' बघून दिव्यांना हो-नाही सांगणाऱ्या भागाचा, एक इनपुट पाय मोकळाच सोडला होता. एलएस हे टीटीएल घराणं, चिपांची एक जात. मोकळा पाय ते 'एक' धरून चालतं. मौनं संमतिलक्षणम्. एचसी पडलं सीमॉस, दुसरीच जात. त्याचा पाय करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे मोकळा सोडला की अधांतरी, कोणी काही कुजबुजलं की मान डोलावणार. आमच्या मीटिंगमधले निम्मे सभासद याच घराण्यातले. आसपासच्या वायरिंगचे पन्नास हर्ट्झ, म्हणजे विजेचे सेकंदाला पन्नास हेलकावे, काकांच्या देहातून त्या पायात शिरत होते, एवढाच चमत्कार. पण हे ऐकायला कोण होतं? काकांना खुर्ची दिली, खाली उशी. आरती संथ, माळ सुसाट, काकांचं बोट स्थिर. अध्यक्षांनी तिथेच शाल घातली. तीन रात्री सोल्डरचा धूर मी गिळला होता, जीरावन त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दहा किलो-ओहमचा एक रेझिस्टर लावून तो पाय पाच व्होल्टला बांधला. माळ पूर्वीसारखी शहाण्यासारखी चालायला लागली. दुकानदाराला जाऊन बोलावं असं चारदा मनात आलं; पण पाय मोजण्यापलीकडे त्याला काही सांगता येईल असं वाटत नाही.

संध्याकाळी काका आले. बाही वर केली, बोट टेकवलं. माळेला ढिम्म फरक नाही. दुसरं बोट. मग अख्खा पंजा.

त्यांनी माळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बिघडवलीस ना?"